बॅलनारीची गच्ची

"हे काय आहे?" मिस डालगार्नोनं काठी आपटून विचारलं.

"गच्ची," मी म्हणाले. घाईत शब्द मराठीच आला. मग इंग्रजीत समजावून सांगितलं, "उघडी जागा. संध्याकाळी बसायला."

तिनं सभोवार नजर फिरवली. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा होता. वारा असा की बोललेलं अर्धं तोंडातच राहत होतं. चारी बाजूंना ओले डोंगर आणि त्यांच्यावर टेकलेलं राखाडी आभाळ.

"बसायला," ती म्हणाली. "कोण बसणार आहे इथे? कावळे?"

तीन वर्षं ही बाई आमच्या कामात खोट काढत आली होती. हा चुना फार पांढरा, ती खिडकी फार मोठी. पण गोल जिना चढून पार टोकापर्यंत ती त्या दिवशी पहिल्यांदाच आली होती. गुडघे दुखत होते तिचे, तरी आली.

तिनं काठी उचलून शेजारच्या धुराड्याच्या भिंतीकडे रोखली. त्या भिंतीत एक खाच होती. मधून वर जाऊन दोन्ही बाजूंना उतरत आलेली.

"आणि ही खाच कशाची?"

"पावसाचं पाणी निघून जायला. डॉक्टर म्हणायचे."

"तुमचे डॉक्टर पोटं कापायचे ना? मग त्यांनी तेवढंच करायचं होतं. तिथे छप्पर टेकत होतं, मिसेस शिरगावकर. ही खोली होती. जिन्याच्या डोक्यावरची खोली." ती जिन्याकडे वळली, एक पायरी उतरली आणि मागे न बघता म्हणाली, "पुरं छप्पर, असं लिहिलंय कागदात. पुरं."

ती उतरून गेली. तिच्या काठीचा आवाज जिन्यातून खाली जाईपर्यंत मी तिथेच उभी होते. कागदातला तो शब्द मला पाठ होता.

तो कागद कशाचा, ते सांगायला हवं.

बॅलनारी हे स्कॉटलंडमधलं एक टॉवर-हाउस. बुरूज म्हणावा तर आत घर, घर म्हणावं तर भिंती किल्ल्याच्या. जेवणाचा चार पुडांचा डबा असतो ना, तशा खोल्या एकावर एक रचलेल्या. सगळ्यात खाली कमानीचं कोठार, त्यावर दिवाणखाना, त्यावर निजायच्या खोल्या, मग माळा. एका कोपऱ्यातून गरगर फिरत वर जाणारा दगडी जिना. आत शिरायला दार एकच आणि त्याच्यामागे लोखंडी जाळीचं आणखी एक दार. कुणी चालून आलं तर सगळ्या कुटुंबानं आत शिरायचं, जाळी लावायची आणि वरून दगड टाकत बसायचं. शेजाऱ्यांशी संबंध कसे असतील ते कळतंच.

मालकांची कथा तर त्याहून रंगतदार. पहिल्या डालगार्नोनं तो बायकोच्या माहेरच्या पैशावर बांधला. त्याच्या नातवानं पडणाऱ्या राजाची बाजू घेतली आणि टॉवर जप्त झाला. तो एडिंबरातल्या एका वकिलानं पदरात पाडून घेतला. डालगार्नो मंडळींनी वकिलाच्या एकुलत्या एका मुलीशी सोयरीक जमवली आणि टॉवर परत घरात आणला. हे ऐकून डॉक्टर, म्हणजे माझे यजमान, खूश झाले होते. "मालू, ही तर आपलीच माणसं!" पुढे एकानं पत्त्यांत घालवला, डंडीच्या एका तागाच्या गिरणीवाल्यानं घेतला, त्याला थंडी सोसवेना, म्हणून पुन्हा डालगार्नोंकडे आला. शेवटचे मालक मिस डालगार्नोचे वडील. त्या काळी तिकडे घरपट्टी छपरावर असे. छप्पर नाही तर घर नाही, घर नाही तर पट्टी नाही. दुसरं महायुद्ध संपल्यावर म्हाताऱ्यानं सरळ छप्पर उतरवलं, शिसं न् लाकूड विकून टाकलं आणि मुलीला घेऊन खालच्या शेतघरात राहायला गेला. तेव्हापासून टॉवरमध्ये मेंढ्या.

आणि मेंढ्यांनंतर आम्ही. डॉक्टर ॲबर्डीनच्या इस्पितळात सर्जन, मी शाळेत गणित शिकवत होते. मूलबाळ नाही. एका रविवारी फिरायला गेलो, वाट चुकलो आणि हा बोडका बुरूज पाहिला. डॉक्टर गाडीतून उतरले ते तासभर परत आलेच नाहीत. मी रागावून शोधायला गेले, तर ते अगदी वर, जिना संपतो तिथे, कमरेएवढ्या भिंतीवर कोपरं टेकून उभे.

"अगं मालू, इथे गच्चीसुद्धा आहे!"

जिना संपला की गच्ची लागते, हे कोल्हापूरच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. त्यांचं सगळं बालपण गच्चीवर गेलेलं. उन्हाळ्यात तिथे झोपायचं, पतंग तिथे, परीक्षेचा अभ्यास तिथे. आमच्या तरुण आर्किटेक्टनं एकदा अडखळत सांगून पाहिलं की, इथे पूर्वी काहीतरी असावं. डॉक्टरांनी त्याला पहारेकऱ्यांपासून चंद्रापर्यंत इतकं काही ऐकवलं की त्यानं निमूटपणे नकाशात उघडी जागा दाखवली. मलाही ते पटलं होतं. चौघं जण बसतील एवढी चौकोनी जागा, बाजूनं बुटकी भिंत. गच्ची नाही तर काय?

मिस डालगार्नोनं टॉवर विकताना एक अट घातली होती. तिसऱ्या वर्षाच्या मार्टिनमसच्या आत मूळच्यासारखं पुरं छप्पर चढलं पाहिजे, नाही तर टॉवर तिच्याकडे परत. मार्टिनमस म्हणजे अकरा नोव्हेंबर. शेतीचे करार, घरांची भाडी, गड्यांच्या नोकऱ्या, तिकडच्या सगळ्या जुन्या मुदती त्या दिवशी संपायच्या. डॉक्टर हसत म्हणाले होते, "तीन वर्षांत ताजमहाल होईल." आणि सही केली.

तिसऱ्या वर्षीच्या मार्च महिन्यात डॉक्टर गेले. इस्पितळातच, हात धुताना. मी ही गोष्ट यापेक्षा जास्त शब्दांत कधी सांगू शकलेले नाही.

सगळे धरून चालले होते की मी आता टॉवर सोडणार. मी सोडला नाही. शाळेतून रजा घेतली आणि जवळच्या दुसऱ्या एका शेतघरात खोली घेऊन राहायला गेले. सँडी मच नावाचा सुतार छपराचं काम करत होता, त्याला म्हटलं, मला काम दे. त्यानं मला स्लेटी दिल्या. स्लेट म्हणजे आपली पाटीच, फक्त जाड आणि खडबडीत. तिकडे मोठ्या स्लेटी खाली, वळचणीला लावतात आणि वर जाल तशा लहान लहान होत जातात. सबंध उन्हाळा मी अंगणात बसून स्लेटी आकारानं लावत होते. हात सोलून निघाले. पण हाताला काम होतं म्हणून मी वेडी झाले नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

तर ऑक्टोबरच्या त्या दिवशी मोठं छप्पर जवळजवळ झालं होतं. उत्तरेची बाजू तेवढी राहिली होती. आणि ही बाई म्हणाली, पुरं.

मी तडक खाली जाऊन आर्किटेक्टला फोन लावला. खाचेचं सांगितलं. पलीकडे नकाशे चाळल्याचा आवाज आला.

"त्यांचं बरोबर आहे, मिसेस शिरगावकर. ती खाच छपराचीच. मी तेव्हाच जोर लावायला हवा होता."

"हवा होता," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

संध्याकाळी कोल्हापूरहून माझ्या दिरांचा फोन आला. आठवड्यातून एकदा ते करायचेच. बिचारे खर्चाची पर्वा न करता ओरडून बोलायचे.

"वहिनी, आता बास करा की! ह्यो बुरूज घिऊन काय करायचंय तुमास्नी?"

"राहायचंय, भावजी."

"एकट्यानं? दादा हुता तवर ठीक हुतं. आता कुणासाठी बांधाय लागलाय? पोर ना बाळ. परत देऊन टाका त्या म्हातारीला न् या हिकडं. खोली रिकामीच हाय."

"येईन की. छप्पर झालं की येईन."

"आन् न्हाई झालं तर?"

मी नाक ओढलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "रडाय लागलाय का, वहिनी?"

"नाही हो. सर्दी झालीय. इथे सगळ्यांना बारा महिने सर्दी असते."

पण त्यांचा प्रश्न घुसला तो घुसलाच. कुणासाठी? मला ठाऊक होतं ते एवढंच की या घराला माझे हात लागलेत, डॉक्टरांचे लागलेत आणि ते मी कुणाला असंतसं नेऊ देणार नाही. त्यात दुकानात ऐकलेली बातमी डोक्यात होती. कुठलीशी हॉटेल कंपनी म्हातारीच्या मागे लागली होती. टॉवर जसा आहे तसा, पडका, पाहुण्यांना बघायला ठेवायचा आणि शेजारी काचेचं हॉटेल उठवायचं. म्हणजे आमची मुदत चुकली की हिचं भलं. आता मला सगळा उलगडा झाल्यासारखं वाटलं. ही बाई शेवटच्या क्षणी अडकवायला आली होती. गुडघे दुखत असताना वर चढली ती उगाच नाही!

सकाळी सँडीला वर नेलं.

"होईल?"

त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "लाकूड आहे. लहान स्लेटी तुम्ही निवडून ठेवल्यात, त्या पुरतील. माझ्या मेहुण्याला आणतो. पण..." तो भिंतीच्या माथ्याकडे बघत राहिला. "हे काढावं लागेल."

भिंतीच्या माथ्यावर गुळगुळीत, बाहेर उतरते दगड बसवले होते. आदल्या उन्हाळ्यात दर शनिवारी-रविवारी डॉक्टर ते स्वतः घासत होते. सर्जनचे हात दगडाला लावू नका, म्हणून मी भांडले होते. ऐकलं नाही. कोपरं टेकली तर टोचायला नको, म्हणत एकेक दगड पाण्यानं घासला, चुन्यात बसवला. छपराचं लाकूड भिंतीवर नीट बसायचं तर ते दगड काढायलाच हवे होते. आणि डॉक्टरांनी ते असे बसवले होते की अख्खे निघणं शक्यच नव्हतं.

त्या गच्चीवर आमची एकच कोजागिरी झाली होती. आटवलेलं दूध घेऊन वर गेलो, तर चंद्राचा पत्ता नाही, वर भुरभुर पाऊस. पातेल्यातलं दूध कमी व्हायच्या ऐवजी वाढतच चाललं. डॉक्टर छत्री धरून बसले होते आणि म्हणत होते, "ढगामागे आहे गं, आहे तो."

सँडी म्हणाला, "मी फोडतो. तुम्ही खाली जा."

"नाही. हातोडा दे."

"मिसेस शिरगावकर..."

"सँडी, हातोडा दे."

पहिला घाव मी घातला. हात मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिणला आणि दगडाला साधी चीरसुद्धा गेली नाही. काय बसवला होता! मला इतका राग आला त्यांचा. असे निघून गेले, मला या वाऱ्यात एकटीला सोडून, आणि वर दगड असे पक्के बसवून ठेवलेत! मी रागारागानं घाव घालत सुटले. मराठीत काय काय बोलत होते कोण जाणे. सँडी पाठ करून डोंगर बघत उभा राहिला. दुपारपर्यंत चारी बाजूंचे दगड निघाले. तुकडे मी स्वतः घमेली भरून खाली नेले.

त्यानंतरचे दिवस मला एकच लांब दिवस असल्यासारखे आठवतात. सँडी आणि त्याचा मेहुणा लाकडं कापत होते, मी जिन्यावरून स्लेटी वाहत होते. तिकडची स्लेट एकाच खिळ्यावर टांगतात. एक खराब झाली तर शेजारच्या बाजूला फिरवून नवी सरकवता येते. मला ती पद्धत फार आवडायची, पण वाऱ्याला ती अजूनच आवडते. एका दुपारी वादळ आलं आणि उत्तरेची नवी ओळ पत्ते उधळावेत तशी अंगणात येऊन पडली. आम्ही तिघं खाली गेलो, फुटल्या त्या वेगळ्या काढल्या, बाकीच्या पुन्हा वर नेल्या.

मिस डालगार्नो रोज यायची. अंगणात उभी राहून मान वर करून बघत राहायची.

"उतार कमी ठेवलाय. बर्फ साचेल."

सँडीनं मोजलं. खरंच कमी होता.

दुसऱ्या दिवशी, "धुराड्याच्या सांध्यात शिसं घातलं नाही तर पाणी आत येईल."

माझा संयम संपला. मी हातातली स्लेट खाली ठेवून तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. "तुम्हाला हा टॉवर हॉटेलवाल्यांना द्यायचाय ना? मग सरळ सांगा. रोज येऊन जखमेवर मीठ कशाला चोळता?"

ती माझ्याकडे बघत राहिली. निळे, पाणीदार, म्हातारे डोळे. मला वाटलं, आता भडकेल.

"तीननंतर उजेड राहत नाही," ती म्हणाली. "बोलण्यात घालवू नका." आणि काठी टेकत निघून गेली.

मी इतकी संतापले की त्या दिवशी दुप्पट स्लेटी वाहिल्या.

मार्टिनमसच्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. मोठं छप्पर आदल्या दिवशी पुरं झालं होतं. जिन्यावरच्या खोलीचं आढं राहिलं होतं, आणि धुराड्याच्या खाचेत शिसं ठोकायचं होतं. दुपारी अंगणात एक गाडी येऊन थांबली. म्हातारीचे वकील, मिस्टर गेडिस, काळी छत्री उघडून उतरले आणि तिथेच उभे राहिले. घड्याळ बघत होते. मिस डालगार्नो गाडीतून उतरली ती सरळ दारात शिरली. जिन्यावर तिची काठी वाजायला लागली. मधेच थांबायची, पुन्हा वाजायची.

वर बाहेरून सँडीच्या हातोड्याचे ठोके. मी खोलीत उभी राहून आतून शिशाचा पत्रा रेटून धरला होता.

ती आत आली तेव्हा शेवटचा ठोका पडला होता. सँडीनं बाहेरून ओरडून सांगितलं, "झालं!" आणि तो आणि मेहुणा पावसातून शिडीनं मोठ्या छपराच्या आडोशाला गेले. खोलीत आम्ही दोघीच. वर पाऊस वाजत होता. छपरातून एक थेंब येत नव्हता.

तिनं भिंतीला हात लावला. छपराच्या लाकडांकडे बघितलं. मग खाचेकडे, जिथे आता छप्पर टेकलं होतं.

"इथे माझा पलंग होता," ती म्हणाली.

तिनं काठीनं कोपरा दाखवला.

"वडिलांनी छप्पर उतरवायला सुरुवात केली ती इथूनच. शिडी मी धरली होती. लहान नव्हते, तिशीतली बाई होते. मला नको होतं ते. पण ते म्हणाले, धर, आणि मी धरली. वरून ते एकेक स्लेट खाली देत होते आणि मी घेत होते. एक शब्द बोलले नाही."

ती जरा थांबली. चढून आल्यामुळे धाप लागली होती.

"गेडिस म्हणाला होता, खोलीचं काही बोलू नका. मुदत उलटली की मी बोलतो. त्यांना तर वरच्या खोलीचं माहीतही नाही, म्हणाला. तीन वर्षं मी गप्प बसले होते, मिसेस शिरगावकर. तुम्ही सोडून जाल असं वाटत होतं. तुमचे डॉक्टर गेल्यावर तर खात्रीच होती. मग सबंध उन्हाळा बघितलं, तुम्ही अंगणात बसून दगड निवडताय."

"म्हणून त्या दिवशी वर आलात? सांगायला?"

"माझी सांगायची पद्धत वाईट आहे. मला माहीत आहे."

माझ्या हातातला पत्रा अजून मी रेटूनच धरला होता. गरज नव्हती, तरी. तो सोडला. "आणि हे आज झालं नसतं तर?"

"तर घेतला असता," ती लगेच म्हणाली. "आणि विकला असता. अर्धवट छपराचं घर मला दुसऱ्यांदा बघायचं नव्हतं."

यावर माझा पूर्ण विश्वास बसला. अजूनही आहे.

"मी ही त्यांची गच्ची मोडली," मी म्हणाले. "त्यांनी हातानं घासलेले दगड होते. मी फोडले."

"पाहिलं मी. माझ्या खिडकीतून दिसतं." ती माझ्या हातांकडे बघत होती. "मला घरासाठी असं काही करता आलं नाही. माझे वडील समोर होते आणि मला साधं नाही म्हणता आलं नाही."

खालून छत्रीतून आवाज आला. "मिस डालगार्नो! काय म्हणू मी? पुरं आहे का?"

ती काठी टेकत छपराच्या उतारात ठेवलेल्या खिडकीपाशी गेली. खिडकीला अजून काच नव्हती. तिनं पावसात डोकं बाहेर काढलं.

"पुरं आहे, जॉन!"

"मी वर येऊन बघायला हवं. आत येऊ का?"

"मला काय विचारतोस?" ती ओरडली. "मालकीण इथे उभी आहे. तिला विचार!"

ती बाजूला झाली. मी खिडकीत आले. खाली चिखलात गेडिसच्या चकचकीत बुटांवर पाणी उडत होतं. त्यानं छत्री मागे कलती करून माझ्याकडे मान वर केली. पाऊस त्याच्या चष्म्यावर पडत होता.

"मिसेस शिरगावकर," तो म्हणाला, "आत येऊ का?"

मी जरा विचार केला.

"थांबा," म्हटलं. "अजून थोडा वेळ भिजा. मग या."

मागे मिस डालगार्नो इतकी हसली की तिला भिंतीला टेकून खाली बसावं लागलं. मीही तिच्या शेजारी बसले. हसता हसता मला रडू कोसळलं, मोठ्यानं, गळा काढून, आपल्याकडे रडतात तसं. तिनं थांब म्हटलं नाही. काठी बाजूला ठेवली आणि माझे सोललेले हात स्वतःच्या मांडीवर घेऊन बसून राहिली.